आश्रयार्थीचा वकील आणि त्याची साधने : अमेरिकेतील इमिग्रेशन न्यायालयांच्या इतिहासातील एक प्रकरण

फौजदारी गुन्ह्याचा आरोप असलेल्या निर्धन मनुष्यास सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन विरुद्ध वेनराइट या खटल्यात प्रस्थापित केले. स्वदेशी परत पाठविल्यास तुरुंग, यातना किंवा मृत्यू यांच्याशी गाठ आहे असे ज्याचे म्हणणे असते, त्या परकीय आश्रयार्थीस मात्र या तत्त्वाचा लाभ मिळत नाही. १९५२ च्या इमिग्रेशन व नागरिकत्व कायद्याच्या २९२ व्या कलमाने त्याला आपल्या पसंतीचा वकील देण्याची मुभा दिली आणि त्याच वाक्यात सरकारला कोणताही खर्च लागू नये अशी अट घातली. मूळ मजकुरात ही अट कंसात आहे. पुढील सत्तर वर्षांत या क्षेत्रातील वकिलीचा जो काही इतिहास घडला, तो बहुतांशी त्या कंसाने मोकळी ठेवलेली जागा कोणी व कशी भरून काढली याचा इतिहास आहे.

या विषयावरील लिखाण साधारणपणे मोठ्या निकालांभोवती फिरते. निकाल महत्त्वाचे आहेतच. परंतु निकाल लागण्यापूर्वी कोणीतरी अर्ज लिहितो, साक्षीदार शोधतो, परक्या देशातील कागद मिळवून त्याचे इंग्रजी भाषांतर करवून घेतो व जुना निर्णय हुडकून काढतो. ही साधने कोठून आली, ती कोणाच्या हाती होती आणि कोणाच्या हाती नव्हती, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकाइतकाच इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे. किंबहुना तो इतिहासाच्या अभ्यासकाचा अधिक आहे. कारण या साधनांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेले साधन म्हणजे समकालीन इतिहासाचे लेखन होय, हे पुढे दिसून येईल.

या वकिलीची पूर्वपीठिका आश्रयाच्या कायद्यात नसून हद्दपारीच्या कायद्यात आहे. १८९२ च्या गिअरी कायद्याने अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक चिनी मजुराने निवासाचा दाखला बाळगला पाहिजे, अन्यथा त्यास हद्दपार करावे, असे ठरविले. सॅन फ्रॅन्सिस्को येथील चिनी समाजाच्या ‘सहा कंपन्या’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने दाखले न घेण्याचे आवाहन केले, माणशी एक डॉलर वर्गणी मागितली आणि त्या पैशातून नामांकित वकील उभे केले. परकीयाच्या बचावासाठी समाजाने उभारलेल्या विधिसाह्याचे हे फार जुने उदाहरण होय. खटला हरला. १८९३ मध्ये फाँग यू टिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, हद्दपारी ही शिक्षा नव्हे. या एका विधानाचे परिणाम फार दूरवर गेले. शिक्षा नाही म्हणून फौजदारी खटल्यातील संरक्षणे नाहीत. ती नाहीत म्हणून सरकारी वकीलही नाही.

दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, यामाताया विरुद्ध फिशर या खटल्यात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले, परंतु ते कसे टाकले हे पाहण्यासारखे आहे. १९०१ साली सिअॅटल बंदरात उतरलेल्या सोळा वर्षांच्या एका जपानी मुलीची चौकशी झाली. तिला इंग्रजी येत नव्हते आणि तिच्या बाजूने कोणी वकील नव्हता. परकीयासही न्याय्य प्रक्रियेवाचून देशाबाहेर घालविता येणार नाही, असे न्यायालयाने तत्त्व म्हणून मान्य केले. मात्र तिला चौकशी समजली नाही हे तिचे दुर्दैव, असे म्हणून हद्दपारीचा हुकूम कायम केला. तत्त्व मान्य व्हावे आणि ज्या व्यक्तीमुळे ते मान्य झाले तिला त्याचा उपयोग होऊ नये, हा प्रकार या इतिहासात वारंवार आढळतो.

आश्रय ही कल्पना त्या काळी व्यक्तीच्या हक्काची नव्हतीच. ती राष्ट्राराष्ट्रांमधील सौजन्याची व सार्वभौमत्वाची बाब होती. मराठी वाचकास याचे उदाहरण परके नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्स बंदरात विनायक दामोदर सावरकर यांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेऊन फ्रान्सची भूमी गाठली व तेथे त्यांना पुन्हा पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन करण्यात आले. हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय लागला की, अटकेत अनियमितता असली तरी बंदिवानास परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. त्या लवादापुढे पक्षकार होते फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या आश्रयाचा प्रश्न होता त्याला तेथे स्थान नव्हते, आणि अर्थातच वकीलही नव्हता.

व्यक्ती या चित्रात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५१ च्या जिनिव्हा करारनाम्याने निर्वासिताची व्याख्या केली आणि तेहतिसाव्या कलमान्वये त्यास छळाच्या भूमीत परत न लोटण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. अमेरिकेने मूळ करारनामा स्वीकारला नाही. १९६७ चा पूरक करार १९६८ मध्ये स्वीकारला. तोपर्यंत देशांतर्गत कायद्यात आश्रयार्थीच्या वकिलास हाताशी धरण्याजोगे एकच कलम होते. १९५२ च्या कायद्यातील २४३ व्या कलमाच्या ‘एच्’ पोटकलमानुसार अॅटर्नी-जनरलच्या मते परत गेल्यावर शारीरिक छळ होणार असेल, तर तो हद्दपारी रोखू शके. रोखलीच पाहिजे असे नव्हे. कायमच्या प्रवेशाचे जे मार्ग होते, ते १९६५ च्या दुरुस्तीनंतरही मुख्यतः साम्यवादी राष्ट्रांतून व मध्यपूर्वेतून पळून आलेल्यांसाठी होते. १७ मार्च १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या निर्वासित कायद्याने ही भौगोलिक व राजकीय मर्यादा काढून टाकली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणावरून छळाची साधार भीती असलेल्या कोणाही व्यक्तीस आश्रय मागण्याचा मार्ग खुला झाला.

मार्ग खुला झाला खरा, पण तो ज्या न्यायालयातून जात होता ते न्यायालय रूढ अर्थाने न्यायालय नव्हते. हद्दपारीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास ‘न्यायाधीश’ ही पदवी १९७३ साली मिळाली. १९८३ पर्यंत हे अधिकारी, हद्दपारीची मागणी करणारे वकील व सीमेवरचे शिपाई हे सारे इमिग्रेशन खात्याचेच नोकर होते. त्या वर्षी न्यायाधीशांना खात्यापासून अलग करून व १९४० पासून चालत आलेल्या इमिग्रेशन अपील मंडळाशी जोडून न्यायखात्याखाली एक स्वतंत्र कचेरी निर्माण करण्यात आली. तरीही न्यायाधीश कार्यकारी शाखेचेच राहिले आणि मंडळाचा कोणताही निर्णय स्वतःकडे घेऊन फिरविण्याचा अॅटर्नी-जनरलचा अधिकार अबाधित राहिला.

अशा न्यायालयात १९८० मध्ये उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या टेबलावर काय असे? अपील मंडळाच्या निवडक निर्णयांचे छापील खंड असत. चार्ल्स गॉर्डन व हॅरी रोझनफील्ड यांचा १९५९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला इमिग्रेशन कायद्यावरील बृहद्ग्रंथ असे. आणि यातील गॉर्डन हे स्वतः इमिग्रेशन खात्याच्या विधिशाखेत होते व पुढे तिचे प्रमुखही झाले. म्हणजे खात्याशी झुंजणारा वकील खात्याच्याच वकिलाचा ग्रंथ आधारास घेई. ग्रंथ उत्तम होता. तक्रार त्याच्या गुणवत्तेबद्दल नाही. परंतु आश्रयाविषयी त्या साहित्यात फारच थोडे सापडे, कारण आश्रयाची प्रकरणेच थोडी होती. याखेरीज १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कचेरीने काढलेली एक मार्गदर्शक पुस्तिका होती. आश्रयार्थी पुराव्याचे गाठोडे बांधून पळत नसतो, म्हणून त्याचे कथन एकंदरीत विश्वासार्ह असेल तर संशयाचा फायदा त्यास द्यावा, असा तिचा रोख होता. तिला कायद्याचे बळ नव्हते, पण या पातळशा पुस्तिकेने जितकी कामे केली तितकी जाडजूड ग्रंथांनी केली नसतील.

साधनांचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला तो मायामीतील हैतीयनांच्या खटल्याने. दुव्हालिए घराण्याच्या राजवटीतून होड्यांनी पळून आलेल्या हैतीयनांचे अर्ज साचले, तेव्हा इमिग्रेशन खात्याने १९७८ मध्ये ते झपाट्याने निकालात काढण्याची एक मोहीम आखली. चार हजारांहून अधिक अर्ज हाताळले गेले. त्यांपैकी एकासही आश्रय मिळाला नाही. फ्लॉरिडातील संघीय न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी १९८० मध्ये ही मोहीम बेकायदेशीर ठरविली व १९८२ मध्ये अपील न्यायालयाने न्याय्य प्रक्रियेचा भंग झाल्याचा निष्कर्ष उचलून धरला. या निकालपत्रांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत वकिलांच्या दिनक्रमाचा पुरावा आहे. हजारो हैतीयनांसाठी उपलब्ध असलेले वकील होते सुमारे बारा. एकाच वकिलाच्या सुनावण्या एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी लावण्यात येत. एक अर्ज नीट तयार करण्यास कित्येक तास लागत असता रोज डझनावारी अर्ज भरण्याची अपेक्षा होती. वकील नाकारण्यात आला नव्हता. वकिलाला वेळ नाकारण्यात आला होता. वेळ हेही साधन आहे आणि ते काढून घेतले की वकील देण्याचा हक्क कागदावर शिल्लक राहूनही नाहीसा होतो, ही गोष्ट न्यायालयाने येथे ओळखली. किंग यांच्या निकालपत्राचा मोठा भाग हैतीतील परिस्थितीच्या वर्णनास वाहिलेला आहे, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. वकिलांनी तो पुरावा जमविला नसता तर न्यायाधीशाला तो लिहिता आला नसता.

याच सुमारास एल् साल्व्हादोर व ग्वातेमाला येथील यादवीतून पळालेले लोक दक्षिण सीमेवर येऊ लागले. ज्या सरकारांच्या सैन्यापासून ते पळत होते त्या सरकारांना अमेरिकेचा पाठिंबा होता. १९८४ मध्ये इराणी अर्जदारांपैकी सुमारे ६० टक्के व पोलिश अर्जदारांपैकी ३२ टक्के लोकांना आश्रय मिळाला असता साल्व्हादोर व ग्वातेमालाच्या अर्जदारांचे प्रमाण ३ टक्क्यांच्याही आत होते. कायद्यातून काढून टाकलेली राजकीय मर्यादा व्यवहारात अशी परत आली होती. तिच्याविरुद्ध दोन मोठे खटले लढले गेले. ओरान्तेस-हर्नान्देस प्रकरणी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने १९८२ मध्ये तात्पुरता व १९८८ मध्ये कायमचा मनाईहुकूम दिला. स्थानबद्ध साल्व्हादोरियनांवर दडपण आणून ‘स्वेच्छेने’ परत जाण्याच्या कागदावर सह्या घेतल्या जातात, असे पुराव्यावरून सिद्ध झाले होते. हुकुमानुसार आश्रय मागण्याच्या हक्काची लेखी जाणीव देणे, विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांची यादी देणे, टेलिफोन उपलब्ध करणे आणि कायदेविषयक साहित्य मिळू देणे खात्यावर बंधनकारक झाले. टेलिफोन आणि यादी या वस्तू वरकरणी क्षुल्लक वाटतील. पण शेकडो मैलांवरच्या कोठडीतील मनुष्याच्या दृष्टीने वकिलाचे अस्तित्व त्या दोन वस्तूंवरच अवलंबून असते. दुसरा खटला अमेरिकन बॅप्टिस्ट चर्चेस व इतर धार्मिक संस्थांनी १९८५ मध्ये दाखल केला. १९९१ च्या तडजोडीने साल्व्हादोर व ग्वातेमालाच्या हजारो अर्जदारांची प्रकरणे नव्याने ऐकण्याचे सरकारने मान्य केले.

न्यायालयाबाहेर याच लढ्यातून संस्थांचे एक जाळे उभे राहिले. वकिलांच्या मानवी हक्कविषयक समितीने १९७८ पासून न्यूयॉर्कमधील मोठ्या पेढ्यांतील वकिलांना विनामूल्य आश्रय-प्रकरणे घेण्यास तयार केले. हार्वर्डच्या विधिशाळेत १९८४ मध्ये निर्वासितांसाठी विधिसाह्य केंद्र निघाले. तेथील डेबोरा अँकर यांचा आश्रयविषयक कायद्यावरील ग्रंथ वकिलांच्या नित्य वापरात आला, आणि न्यायाधीशही तो उघडू लागले. १९८९ हे वर्ष तर दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी टेक्ससच्या टोकाला हार्लिंजन येथे अमेरिकन बार असोसिएशन, टेक्ससचा बार व इमिग्रेशन वकिलांची संघटना यांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला, आणि अॅरिझोनाच्या वाळवंटातील फ्लॉरेन्स या तुरुंगांच्या गावी दुसरा निघाला. कोठड्या शहरांपासून दूर बांधल्या गेल्या होत्या, म्हणून वकिलांनाच कोठड्यांजवळ जाऊन राहावे लागले. इमिग्रेशन कायद्याशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा कंपनी-कायद्याच्या वकिलास आठवड्याभरात अर्ज कसा तयार करावा हे शिकविणाऱ्या पुस्तिका, नमुन्याची प्रतिज्ञापत्रे, यशस्वी ठरलेल्या युक्तिवादांच्या प्रती यांचे संग्रह या संस्थांतून तयार झाले. ही वाङ्मयीन संपत्ती फार मोठी आहे, आणि तिचा इतिहास अद्याप सलगपणे लिहिला गेलेला दिसत नाही.

कायद्याचा अर्थही याच दशकात ठरत गेला. १९८४ च्या स्टेव्हिक निर्णयाने हद्दपारी रोखण्यासाठी छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असल्याचे दाखविणे आवश्यक ठरविले. १९८५ मध्ये अपील मंडळाने अकोस्टा प्रकरणी, टॅक्सीचालकांच्या सहकारी संस्थेच्या एका साल्व्हादोरियन सभासदाचा अर्ज फेटाळताना, ‘विशिष्ट सामाजिक गट’ म्हणजे बदलता न येणाऱ्या किंवा बदलण्याची सक्ती करू नये अशा लक्षणाने बांधलेला गट, अशी व्याख्या केली. अकोस्टा हरला, पण त्या व्याख्येवर पुढे अनेकांनी आश्रय मिळविला. १९८७ मध्ये कार्डोसा-फॉन्सेका या निकारागुआच्या स्त्रीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने आश्रयासाठी स्टेव्हिकहून सौम्य कसोटी लावली : साधार भीतीसाठी छळ बहुधा होईलच असे दाखवावे लागत नाही, दहात एक इतकी शक्यताही पुरेशी ठरू शकते. दहात एक हे उदाहरण न्यायालयाचे स्वतःचे नव्हते. नॉर्वेचे विधिज्ञ अट्ले ग्राल-मॅडसेन यांच्या १९६६ च्या ग्रंथातून ते घेतले होते. उच्चायुक्तांच्या पुस्तिकेचाही आधार न्यायालयाने घेतला. विद्यापीठीय ग्रंथातील एक कल्पित उदाहरण वीस वर्षांनी परक्या देशात हजारो माणसांचे भवितव्य मोजण्याचे माप बनले, हे ग्रंथालयांत काम करणाऱ्यांनी विसरू नये असे आहे.

परंतु दहात एक ही शक्यता दाखवावयाची कशी? अर्जदार स्वतःवर गुदरलेला प्रसंग सांगतो. त्याच्यासारख्या इतरांवर काय गुदरले हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक असले तरी त्याच्या शब्दावर ते मान्य होत नाही. येथे देशस्थितीच्या पुराव्याची गरज उत्पन्न झाली. प्रारंभी न्यायाधीशासमोर असा एकच अधिकृत पुरावा असे : परराष्ट्र खात्याचा निरनिराळ्या देशांतील मानवी हक्कांवरील वार्षिक अहवाल, आणि त्याच खात्याचे त्या अर्जावरील मत. मित्रराष्ट्राविषयी लिहिताना परराष्ट्र खात्याची लेखणी किती जपून चालते, हे इतिहासाच्या कोणाही विद्यार्थ्यास सांगावयास नको. म्हणून वकिलांच्या समितीने या अहवालांवर दरवर्षी टीकाग्रंथ काढण्यास सुरुवात केली. अमेरिकाज वॉच आणि अॅम्नेस्टी यांचे अहवाल सुनावणीत दाखल होऊ लागले. १९९० च्या नियमांनी आश्रयाचे अर्ज तपासण्यासाठी प्रशिक्षित अधिकाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला आणि त्यांच्यासाठी खात्यातच एक माहितीकेंद्र काढले. परराष्ट्र खात्याबाहेरचे ज्ञान ग्राह्य आहे, अशी ती कबुली होती.

याच वाटेने विद्यापीठांतील मंडळी न्यायालयात आली. मानववंशशास्त्रज्ञ, इतिहासकार, राज्यशास्त्रज्ञ यांची प्रतिज्ञापत्रे संचिकेत जोडली जाऊ लागली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या मानवी हक्कवादी वैद्यांच्या संस्थेमार्फत डॉक्टर अर्जदाराच्या अंगावरील व्रण तपासून ते त्याच्या कथनाशी कितपत जुळतात याचे दाखले देऊ लागले. १९९९ च्या इस्तंबूल संहितेने या तपासणीस आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली पद्धत दिली. १९९६ चे कासिंगा प्रकरण या दृष्टीने प्रातिनिधिक आहे. टोगोमधून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर खालच्या न्यायाधीशाने विश्वास ठेवला नव्हता. अपील मंडळापुढे कॅरन मुसालो यांनी तिची बाजू मांडली आणि स्त्रियांच्या जननेंद्रियच्छेदनाची भीती हे आश्रयाचे कारण होऊ शकते, असा बंधनकारक निर्णय मंडळाने दिला. त्यानंतर देशभरातून इतके वकील मार्गदर्शन मागू लागले की, १९९९ मध्ये मुसालो यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या विधिशाळेत त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. छापील निर्णयांत न येणारे खालच्या न्यायालयांचे निकाल, तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रे व देशस्थितीचे कागद जमवून ते मागेल त्या वकिलास पुरविणे, हे या केंद्राचे मुख्य कार्य झाले.

या उपक्रमाची दुसरी बाजूही आहे, आणि विद्यापीठीय वाचकांनी तिची दखल घेणे इष्ट होय. न्यायालयास निश्चित विधान हवे असते. एखाद्या समाजात अमुक प्रथा आहे, ती सार्वत्रिक आहे, राज्यसंस्था तिच्यापासून संरक्षण देत नाही, असे तज्ज्ञाने सांगितले तर अर्ज टिकतो. त्या समाजातच प्रथेविरुद्ध झगडणारे लोक आहेत, गावागावांत फरक आहे, गेल्या दहा वर्षांत बदल झाला आहे, हे सारे खरे असले तरी उलटतपासणीत अर्जदारास घातक ठरते. त्यामुळे वर्गात जो अभ्यासक संस्कृती ही प्रवाही असते असे शिकवितो, तोच प्रतिज्ञापत्रात तिला दगडासारखी स्थिर करून ठेवतो. हा दांभिकपणा नव्हे, कारण समोर माणसाचा जीव असतो. परंतु अशा हजारो प्रतिज्ञापत्रांतून आफ्रिका, मध्य अमेरिका व आशियातील समाजांचे जे चित्र अमेरिकेच्या कागदपत्रांत साठत जाते, त्याचा उपयोग उद्याच्या इतिहासकाराने करताना हे कागद कोणत्या गरजेपोटी लिहिले गेले याचे भान ठेवले पाहिजे. निर्मितीचा हेतू तपासल्यावाचून साधन वापरू नये हा नियम बखरींना लागू आहे, तसाच तो या संचिकांनाही आहे.

पुराव्याची ही गरज पुढील कायद्यांनी वाढवीत नेली. १९९२ च्या एलिआस-झाकारिआस निर्णयाने छळ करणाराचा हेतू पुराव्याने दाखविला पाहिजे, असे ठरविले. १९९६ च्या कायद्याने आगमनापासून एक वर्षाच्या आत अर्ज करण्याची मर्यादा घातली आणि सीमेवर तडकाफडकी परत पाठविण्याची पद्धत आणली. २००५ च्या रिअल आयडी कायद्याने अर्जदाराच्या कथनातील अगदी आनुषंगिक विसंगतीही अविश्वासाचे कारण मानण्यास मोकळीक दिली, आणि मिळण्याजोगा दुजोरा मागण्याचा अधिकार न्यायाधीशास स्पष्ट शब्दांत दिला. संशयाचा फायदा देणाऱ्या १९७९ च्या पुस्तिकेपासून कायदा किती दूर आला होता, हे यावरून कळते. अशा कायद्यापुढे वकिलावाचून उभा राहणारा मनुष्य केवळ खरे बोलून जिंकू शकत नाही. तारखा, नावे, गावे प्रत्येक कागदात जुळलेली असावी लागतात, आणि परभाषेतील प्रत्येक कागदास भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

हा खर्च कोणी करावयाचा? सरकारने नाही, हे २९२ व्या कलमाने आधीच सांगितले होते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या गरिबांच्या विधिसाह्य संस्थांना, आश्रयाचा अर्ज अद्याप मंजूर न झालेल्या परकीयांची वकिली करण्यास सामान्यतः मनाई होती. १९९६ पासून तर खासगी देणगीच्या पैशातूनही ती करता येईना. जिंकल्यावर तरी सरकारने वकिलाची फी द्यावी, असा प्रयत्न अर्देस्तानी या बहाई पंथाच्या इराणी स्त्रीच्या प्रकरणात झाला. तिला आश्रय मिळाला होता. परंतु हद्दपारीची प्रशासकीय चौकशी ही फी-भरपाईच्या कायद्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरविले.

पैशाइतकीच विषमता माहितीतही होती. अपील मंडळ दरवर्षी हजारो प्रकरणे निकाली काढी; त्यांपैकी अगदी थोडे निर्णय बंधनकारक म्हणून छापले जात. उरलेले निर्णय सरकारी वकिलांना सहज पाहता येत. खासगी वकिलास ते कोणा व्यवसायबंधूच्या कपाटात सापडले तरच मिळत. कायदा जाणून घेण्याची संधीच एका पक्षाला अधिक असावी, ही गोष्ट कोणत्याही न्यायपद्धतीस शोभणारी नाही. न्यूयॉर्कच्या एका विधिसाह्य संस्थेने माहितीच्या अधिकाराखाली यावर दावा केला, आणि दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये असे निर्णय जनतेस खुले करण्याचा हुकूम न्यायालये देऊ शकतात, असे ठरविले. कामकाजाच्या नियमांचीही तीच कथा होती. कागद किती दिवस आधी द्यावेत, त्यांना अनुक्रम कसा लावावा, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे होते. सर्व इमिग्रेशन न्यायालयांसाठी एकच नियमपुस्तिका आली ती २००८ मध्ये.

वकील असण्याने प्रत्यक्ष किती फरक पडतो याची मोजदादही एकविसाव्या शतकातच झाली. रामजी-नोगालेस, शोनहोल्ट्झ व श्राग या तीन अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इमिग्रेशन न्यायालयांतील यशाचे प्रमाण वकील असलेल्यांत ४५.६ टक्के व नसलेल्यांत १६.३ टक्के आढळले. त्याच संशोधनाने मायामीतील एका न्यायाधीशापुढे कोलंबियाच्या अर्जदारास ५ टक्के, तर त्याच न्यायालयातील दुसऱ्यापुढे ८८ टक्के संधी असल्याचेही दाखविले. न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये झालेल्या पाहणीत, २०११ मध्ये, वकील असलेल्या व मुक्त असलेल्या परकीयांना ७४ टक्के प्रकरणांत यश आले. वकील नसलेल्या व कोठडीत असलेल्यांना ३ टक्के. या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी, कारण सबळ प्रकरणेच वकील अधिक स्वीकारतात व सबळ अर्जदारच अधिक सुटतात. तरी मुक्त पण वकिलावाचून असलेल्यांचे यश १३ टक्के आणि कोठडीतील वकीलसहितांचे १८ टक्के हे मधले दोन आकडे पाहिले, म्हणजे दोन्ही कारणे एकत्र आल्याखेरीज फारसे साधत नाही, असे दिसते. २०१५ मध्ये ईगली व शेफर यांनी बारा लाखांहून अधिक प्रकरणे तपासली. वकील असलेल्यांचे प्रमाण ३७ टक्के व स्थानबद्धांत केवळ १४ टक्के भरले.

या आकड्यांनी काही ठिकाणी धोरण हलले. न्यूयॉर्क शहराने २०१३ मध्ये स्थानबद्धांना सार्वजनिक खर्चाने वकील देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी फ्रँको-गोन्सालेस प्रकरणी संघीय न्यायालयाने कॅलिफोर्निया, अॅरिझोना व वॉशिंग्टन या तीन राज्यांतील, गंभीर मानसिक विकारामुळे स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या स्थानबद्धांना प्रतिनिधी पुरविण्याचे बंधन सरकारवर घातले. २९२ व्या कलमातील कंसाला गेलेला हा एक मोठा तडा होय. न्यायखात्याने स्वतः २००३ पासून कोठड्यांतून कायद्याची प्राथमिक माहिती देणारी व्याख्याने स्वयंसेवी संस्थांमार्फत चालविली होती. ती वकिलीची जागा घेणारी नव्हती, पण कोठडीत आलेल्याला कायद्याचा पहिला शब्द बहुधा तेथेच ऐकू येई. २०२५ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

पूर्वनिर्णय हे तर वकिलाचे सर्वांत जुने साधन, पण येथे तेही स्थिर राहत नाही. पतीच्या छळातून पळालेल्या ग्वातेमालाच्या स्त्रीस ‘विशिष्ट सामाजिक गटा’त स्थान आहे, असे अपील मंडळाने २०१४ मध्ये म्हटले. २०१८ मध्ये अॅटर्नी-जनरल सेशन्स यांनी ते मोडीत काढले, २०२१ मध्ये गारलंड यांनी सेशन्स यांचा निर्णय रद्द केला आणि २०२५ मध्ये त्या पदावरून तो पुन्हा उलटविण्यात आला. दरम्यान प्रलंबित प्रकरणांची संख्या २०२३ च्या अखेरीस तीस लाखांवर गेली होती. एकेका अर्जाची सुनावणी काही वर्षांनी होत असल्याने, अर्ज भरताना जो कायदा होता तो सुनावणीच्या दिवशी असेलच असे वकील सांगू शकत नाही. देशस्थितीचे अहवालही तोवर जुने होतात. मग सुनावणीची तारीख जवळ आली की संचिका पुन्हा उघडावयाची, नवे अहवाल मागवावयाचे, तज्ज्ञाकडून पुरवणी प्रतिज्ञापत्र घ्यावयाचे आणि अर्जदाराला बसवून त्याची हकीकत पहिल्या अर्जाशी शब्दशः ताडून पाहावयाची, असा क्रम पडून गेला आहे.